गाताना जबडा आवळतो? नव्या गाणाऱ्यांसाठी घरच्या घरी करायचा रियाज

भाताची लावणी उरकली की कोकणातल्या वाड्यावाड्यांत बाजाच्या पेट्या बाहेर निघतात. गणपतीला अजून महिना-दीड महिना असतो. देवळात नाहीतर कुणाच्या तरी पडवीत भजन मंडळाची तालीम सुरू होते. दरवर्षी दोन-चार नवी पोरं, एखादी नवी सून, मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेले एखादे काका कोरसात येऊन बसतात. आठवड्याभरात त्यांची तक्रार ठरलेली: "वर गेलो की गळा धरतो." मग कुणी खडीसाखर सुचवतं, कुणी ज्येष्ठमध, कुणी गरम पाण्याच्या गुळण्या. त्याने घशाला बरं वाटतं, एवढंच. अडचण पुष्कळदा असते कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात, आणि तिथे कुणी हात लावून बघत नाही.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांचे चेहरे बघा. दोर ताणला की दात आवळले जातात. लावणीत दिवसभर वाकलेल्या बाईची मानही संध्याकाळी तशीच ताठलेली असते. जोर लावायचा म्हणजे दात मिटायचे, ही शरीराची जुनी सवय. वरचा सा लागेना की आपल्याला वाटतं जोर कमी पडला, आणि तोच जबडा पुन्हा मिटतो.

गाण्यात या जोराचा उपयोग नाही, हे आधी समजून घ्या. जिभेचं मूळ गळ्यातल्या एका लहानशा, नालाच्या आकाराच्या हाडाला बांधलेलं असतं. या हाडाचा दुसऱ्या कुठल्याच हाडाशी सांधा नाही; ते स्नायूंवर टांगलेलं असतं आणि स्वरयंत्र त्याच्याच खाली लोंबतं. जबडा आवळला, त्याबरोबर जीभ मागे गेली, की स्वरयंत्रही ओढलं जातं. काळी एकच्या पट्टीत, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरली तर, पुरुषाचा मध्य सा म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कंपनं, आणि तार सा, म्हणजे वरचा सा, २७७. तेवढ्या वेगाने हलायला स्वरतंतू ताणले जाऊन पातळ व्हावे लागतात. हे काम स्वरयंत्राचे स्वतःचे बारीक स्नायू करतात. चावायच्या स्नायूंनी त्यात मदत करायला गेलं की कामात अडथळाच येतो.

आपल्या जुन्या शास्त्रकारांच्या नजरेतून हे सुटलेलं नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' ग्रंथात सदोष गायकांचे २५ प्रकार सांगितले आहेत. त्यातला पहिलाच 'संदष्ट', म्हणजे दात आवळून गाणारा. पुढे 'झोंबक' येतो, गाताना ज्याच्या शिरा फुगतात तो. 'वक्री' मान वाकडी करतो, 'तुंबकी' गाल फुगवतो. आणि एक आहे 'कराली', भेसूर तोंड वासून गाणारा. या करालीवर लक्ष ठेवा. जबडा मोकळा सोडा असं सांगितलं की नवशिके थेट त्याच्या पंगतीला जाऊन बसतात.

पायरी १: आधी बोटांनी तपासा

आरशासमोर बसा. दोन्ही हातांची बोटं कानाच्या जरा खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर ठेवून दाढा एकमेकींवर दाबा. बोटांखाली टणक गोळा वर येईल. हा चावण्याचा मुख्य स्नायू. आता बोटं कानशिलावर न्या आणि पुन्हा दाढा दाबा; तिथेही काहीतरी हलतं, तो दुसरा. आता बोटं कानाच्या भोकासमोरच्या चिमुकल्या उंचवट्याच्या पुढे ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. सुरुवातीला आतला सांधा जागच्या जागी फिरतो. तोंड आणखी उघडलंत की तो पुढे सरकतो आणि बोटाखाली खळगा पडतो. मध्य सप्तकातल्या गाण्याला बहुतेक वेळा पहिला टप्पाच पुरतो. वर जाताना तोंड जास्त उघडावं लागतं, पण तेही हनुवटी खाली सोडून, पुढे काढून नव्हे.

आता ओठ मिटून स्वस्थ बसा आणि दाढांकडे लक्ष द्या. टेकलेल्या आहेत? आरामात बसलेल्या माणसाच्या वरच्या-खालच्या दाढांत थोडी फट असायला हवी. दिवसातून जमेल तितक्या वेळा ही फट तपासा, एसटीत, दुकानात, मोबाईल बघताना. मोबाईल बघताना तर हमखास टेकलेल्या सापडतील. गाण्याच्या अर्ध्या तासात जी सुधारणा होत नाही ती अशाने होते.

इथेच एक वेगळी तपासणी उरकून घ्या. आपली मधली तीन बोटं जुळवून उभी धरा आणि पुढच्या दातांमध्ये घालून बघा. मोठ्या माणसाच्या तोंडात ती साधारणपणे जातात. जात नसतील, तिखट खाल्लं की तोंडाची आग होत असेल आणि सुपारीची सवय असेल, तर रियाज बाजूला ठेवून दातांच्या डॉक्टरकडे जा. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर कडक होत जातं आणि तोंड उघडणं कमी होतं. पुढे त्यातून कर्करोगाचा धोका असतो. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं कौतुक मलाही आहे, बागायतदारांच्या घरात मी वाढलो. पण भजनाच्या मध्यंतरात पानाचं तबक फिरतं तेव्हा गाणाऱ्याने ते पुढे सरकवावं.

पायरी २: बैठक

मांडी घालून बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर राहत असतील तर कंबर मागे कलते, पाठीला पोक येतं, आणि तोल सावरायला मान पुढे जाते. मान पुढे गेली की जबडा मोकळा राहूच शकत नाही. विश्वास नसेल तर मान कासवासारखी पुढे काढून 'आ' म्हणून बघा. उपाय सोपा आहे. घोंगडीची नाहीतर जाड चादरीची घडी करून फक्त बुडाखाली घ्या, मांड्यांखाली नको. गुडघे खाली उतरतील आणि पाठ स्वतःहून उभी राहील. ज्यांना मांडी घालून बसणं झेपत नाही त्यांनी खुर्ची घ्यावी, लाजू नये.

पेटी वाजवत गाणाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. आपल्याकडे बुवा स्वतःच पेटीवर असतो. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. भाता ओढता ओढता डावा खांदा कानाकडे चढतो, आणि माईक बाजूला असला तर मानही तिकडे वळते. अर्ध्या तासात वक्री तयार. पेटीखाली एक पाट ठेवा म्हणजे वाकावं लागत नाही. भाता कोपरापासून हलवा, खांद्यातून नव्हे. आणि माईकवाल्याला पहिल्या गजराआधीच सांगून माईक बरोबर तोंडासमोर घ्या. एकदा बारी सुरू झाली की कुणी उठत नाही.

कोरसातल्यांनी झांजेची दोरी सैल धरावी. मूठ आवळली की दंड आवळतो, दंडामागून खांदा आणि मान.

पायरी ३: खांदे, मान, श्वास

यात फार वेळ घालवू नका, पाच मिनिटं पुरतात. श्वास घेत खांदे कानांपर्यंत उचला, क्षणभर तिथेच ठेवा, आणि श्वास सोडताना धपकन टाका. असं चार-पाच वेळा करा. मग 'नाही' म्हणतो तशी मान सावकाश दोन्हीकडे वळवा आणि 'हो' म्हणतो तशी अगदी थोडी हलवा. मान गोल गोल गरागरा फिरवू नका आणि कडकड आवाज काढायच्या भानगडीत पडू नका.

श्वासासाठी जमिनीवर पाठीवर झोपा. गुडघे दुमडलेले, तळवे जमिनीवर, एक हात पोटावर. श्वास घेताना पोट आणि खालच्या फासळ्या फुगू द्या. श्वास घेताना आवाज येतो का, ते ऐका. सूं सूं ऐकू आली तर घसा अरुंद झालेला आहे. जांभई येऊ घातली आहे अशी कल्पना करून श्वास घ्या, आवाज थांबेल. जबडा त्याच वेळी सुटतो हेही जाणवेल. गाताना दोन ओळींच्या मधला श्वास असाच घ्यायचा आहे.

पायरी ४: जबडा लोंबू द्या

बोटांना थोडं खोबरेल लावा. पहिल्या पायरीत सापडलेल्या त्या गोळ्यावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग टेकवा आणि गालाच्या हाडापासून जबड्याच्या कडेपर्यंत सावकाश खाली ओढत आणा. दाब मध्यम असावा, दुखेल इतका नको. हात खाली येतो तसं तोंड त्याच्याबरोबर उघडू द्या, तुम्ही उघडू नका. मिनिटभर करा. मग कानशिलांवर गोल गोल चोळा. गळ्याच्या पुढच्या भागावर, घाटीच्या आजूबाजूला मात्र चोळायचं नाही. तिथे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत.

आता हनुवटी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा आणि हातानेच हळू खाली-वर हलवून बघा. पहिल्या दिवशी बहुतेकांची हलत नाही. हात खाली ओढतो, जबडा वर ओढतो, आणि माणूस हसायला लागतो. ओढाताण करू नका. तोंड अर्धवट उघडं ठेवून, मंद माणसासारखा चेहरा करून अर्धा मिनिट बसा आणि पुन्हा बघा. घरचे हसतील म्हणून दार लावून घ्यावं, हा माझा अनुभवाचा सल्ला.

पायरी ५: जीभ

जबडा सुटला तरी जीभ घट्ट असू शकते, आणि ती लपून बसते. अंगठ्याचं टोक हनुवटीच्या खाली, हाडाच्या मागच्या मऊ भागावर ठेवा. एक घोट गिळा: तो भाग खाली दाबला जातो. आता मधला सा लावा. तसाच दाबला गेला तर जिभेचं मूळ ताठलं आहे.

सोडवायला जीभ बाहेर काढून खालच्या ओठावर पसरून ठेवा, आणि तशीच ठेवून 'आ'वर सा-रे-ग-रे-सा गा. उच्चार बोबडा होईल, होऊ द्या. जीभ आत पळू लागली तर रुमालाने टोक हलकेच धरा. नंतर जीभ आत घ्या, टोक खालच्या दातांच्या मागे टेकवा आणि 'गंगा' शब्दातल्या अनुस्वारावर थांबून तो सूर लांबवा. जिभेचा मागचा भाग टाळूला लागलेला असेल. तिथून 'आ' वर उतरा. जीभ खाली सुटते तो क्षण बारकाईने अनुभवा.

पायरी ६: सुरात उतरणं

पहिल्या दहा मिनिटांत शब्द नकोत. लहान मुलं होडीच्या इंजिनाचा आवाज काढतात तसे ओठ फडफडवत सा ते प आणि परत. ओठ फडफडायचे थांबतात तिथे एकतर श्वास अडलाय नाहीतर गाल आवळलेत. ते जमत नसेल तर शहाळ्याची नळी घ्या. अर्धा पेला पाण्यात नळीचं टोक दोन बोटं बुडवा आणि बुडबुडे काढत त्यातून सूर लावा. गाल फुगले तरी चालतील. तुंबकी म्हणून शार्ङ्गदेव रागावणार नाही, हा सराव आहे. यात पाण्याच्या उलट दाबामुळे स्वरतंतूंवरचा आघात कमी होतो, म्हणून थोड्याफार बसलेल्या घशालाही हे सोसतं.

मग ओठ मिटून 'म्' चा गुंजारव, दाढांत फट ठेवून. ओठांना मुंग्या आल्यासारखं वाटलं तर बरोबर चाललंय. त्यानंतर 'या-या-या', पाच सुरांवर, एक हात हनुवटीवर फक्त टेकवून. 'य' जिभेने होतो, त्यासाठी जबडा खाली-वर उड्या मारत असेल तर वेग निम्मा करा.

पायरी ७: सरगम, आणि विशेषतः नि

सरगम गाताना जबडा कुठे मिटतो? 'नि' वर. 'सा', 'म', 'प' मोकळे आहेत, 'ग' आणि 'ध' सुद्धा. 'रे' ला थोडा, आणि 'नि' ला पुरता मिटतो. त्यात गंमत अशी की आरोहात 'नि' तार सा च्या दाराशीच उभा आहे. तिथे दात मिटले की पुढचा सा मिटलेल्या दातांनीच लावायचा. 'वरचा सा लागत नाही' म्हणणाऱ्यांना मी आधी नि गाऊन दाखवायला सांगतो.

दोन्ही हातांची तर्जनी गालांवर ठेवा आणि गाल हलकेच वरच्या-खालच्या दाढांमधल्या फटीत आत ढकला. आता 'नि' गा. दाढा मिटू लागल्या की गाल मध्ये सापडेल, आणि लगेच कळेल. 'इ' हा स्वर जिभेचा पुढचा भाग टाळूकडे उचलून होतो. दात मिटायची त्याला गरज नाही. 'आ' लावा, जबडा तिथेच ठेवा, आणि फक्त जीभ उचलून 'इ' करा: आ-इ-आ-इ, एकाच सुरावर. माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंचा कोमल नि कायम चढा लागायचा, आणि कान चांगला असूनही का, ते त्यांना उमगत नव्हतं. गालांवर बोटं ठेवून आठवडाभर एवढंच केलं, आणि नि जागेवर आला.

पलट्यांत आणि तानांत हीच काळजी घ्या. हनुवटी प्रत्येक सुराला टकटक हलत असेल तर ती 'जबड्याची तान'. काही मोठ्या गवयांनी ती समजून उमजून वापरली आहे. नवशिक्याची मात्र नकळत येते, आणि मग वेग वाढला की अडखळते. हनुवटीवर एक बोट ठेवून, ती हलणार नाही इतक्याच वेगाने तान म्हणा.

पायरी ८: भजनाचे शब्द

'जय जय रामकृष्ण हरी' घ्या, कारण ते सगळ्यांना येतं. आधी नुसते स्वर गा, व्यंजनं गाळून: अ-अ-आ-ऋ-अ-अ-ई असं काहीसं, चाल तीच. जबडा कुठे कुठे हलतो ते बघा. मग व्यंजनं परत घाला. 'हरी'ची 'ई' लांबवताना नि सारखीच फट ठेवा. कोरसात सगळे शेवटच्या 'ई'ला दात विचकून ताणतात, आणि पन्नास दात विचकलेले गळे एकत्र आले की तो कर्कश आवाज पलीकडच्या वाडीपर्यंत जातो.

'विठ्ठल'मधला 'ठ्ठ' नुसता जिभेच्या टोकाचा आहे. तो चावू नका.

आवाज लहान झाल्यासारखा वाटेल

बहुतेकजण परत फिरतात ते या टप्प्यावर, म्हणून यावर जरा थांबतो. जबडा आवळून गाताना आपल्याला आपला जोर जाणवतो आणि हाडांतून कानापर्यंत दणका पोचतो. तो सुटला की गाणाऱ्याला वाटतं आवाज गेला, पातळ झाला, दम नाही. समोरच्याला नेमकं उलट ऐकू येतं. म्हणून स्वतःच्या कानावर विश्वास ठेवू नका. मोबाईल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, एकच ओळ दोनदा गा, एकदा नेहमीसारखी आणि एकदा सैल जबड्याने, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. किंवा कुणाला तरी अंगणात, माडाच्या मुळाशी उभं करा आणि शब्द कुठल्या वेळी स्पष्ट आले ते विचारा.

पट्टी

हे थोडक्यात, कारण यावर लोक रुसतात. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, समोरच्या बुवाने उंच पट्टी लावली की आपणही तीच लावायची, ही ईर्षा आपल्याकडे आहे. ऐकणाऱ्यांना ती आवडतेही. पण पहिल्या वर्षी तरी, मधल्या सा पासून वरच्या ग पर्यंत हनुवटी न उचलता जाता येईल तीच पट्टी तुमची. अर्धा सूर खाली उतरलात तर कुणी हसत नाही; हनुवटी आढ्याकडे करून किंचाळलात तर नक्की हसतील.

मंडपात

घरी सगळं जमतं आणि मंडपात बसल्यावर विस्कटतं. कारण गोंगाट. भोवती आवाज वाढला की माणूस आपोआप मोठ्याने बोलतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये याचं वर्णन केलं. पखवाज, झांजा, कर्ण्याचा आवाज, बाहेर फटाके, आणि स्वतःचा सूर कानावर नाही. मग गळा आणि जबडा दोन्ही कामाला लागतात. एका कानामागे तळहात वाकवून धरा. गवई कानाला हात लावतात त्याचा एक उपयोग हाच. जमल्यास एक स्पीकर गाणाऱ्यांकडे तोंड करून ठेवायला सांगा. झांजवाल्याच्या अगदी शेजारी बसू नका, तो मित्र असला तरी.

ज्या रात्री एकामागून एक चार घरांची भजनं असतात, त्या रात्री दोन घरांच्या मधल्या वाटेवर बोलू नका. पाणी प्या, आणि चालता चालता दाढांतली फट तपासा. पहिल्या घरी सगळा दम खर्च केलेला कोरस चौथ्या घरी नुसती झांज वाजवतो, हे दरवर्षीचं आहे.

जबड्याच्या सांध्यातून कट्ट आवाज येतो पण दुखत नाही, अशांनी घाबरू नये, पुष्कळांचा येतो. दुखत असेल, तोंड मध्येच अडकत असेल, किंवा सकाळी उठल्यावर जबडा ठणकत असेल तर दातांच्या डॉक्टरला दाखवा. रात्री झोपेत दात खाणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. आणि विसर्जन होऊन दोन-तीन आठवडे झाले तरी आवाज बसलेलाच असेल, तर काढे बंद करून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र बघून घ्या. तोवर नळी आणि पाण्याचा पेला सुद्धा बाजूला ठेवा.